पाणी कुठं मुरतंय?

आमच्या गाडीला या गुढीपाडव्याला अकरा वर्षं पूर्ण झाली. माणसाचं अकरावं वर्ष म्हणजे दुधाचे दात पडून गेलेले आणि अक्कलदाढेला अजून अवकाश, असं निवांत वय. गाडीचं अकरावं वर्ष म्हणजे साठीशांत होऊनही बराच काळ लोटला, असं समजावं. या वयात माणसाला जे होतं तेच गाडीला होतं. सकाळी उठायला वेळ लागतो, चढ आला की धाप लागते आणि पाणी धरून ठेवता येत नाही.

बॉनेटखाली कोपऱ्यात एक पांढरट प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्यावर दोन रेघा असतात, वरची मॅक्स आणि खालची मिन. गाडी थंड असताना कूलंटची पातळी या दोन रेघांच्या मध्ये दिसली पाहिजे, एवढीच त्या बाटलीची अपेक्षा. दहा वर्षं मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनंही कधी हाक मारली नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी काच पुसायचं पाणी भरायला मी बॉनेट उघडलं, तेव्हा हिरवं कूलंट खालच्या रेघेच्याही बोटभर खाली होतं. मी दुकानातून आणून वरच्या रेघेपर्यंत भरलं आणि कर्तव्यदक्ष माणसासारखा हात धुतला. पुढच्या रविवारी पातळी पुन्हा बोटभर खाली.

"जातं कुठं ते?" बायकोनं विचारलं.

"उडून जात असेल."

"बंद बाटलीतून? पातेल्यातलं दूध कमी झालं आणि ओटा कोरडा असला, तर दूध उडून गेलं म्हणत नाही आपण. मांजर आलं होतं म्हणतो."

मराठीत संशयासाठी एक फार नेमका वाक्प्रचार आहे, 'कुठंतरी पाणी मुरतंय'. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाचा हिशोब वाचला जात असताना तो मी मनातल्या मनात अनेकदा वापरला आहे. पण खरोखरचं पाणी खरोखर कुठंतरी मुरत असताना तो अजिबात उपयोगी पडत नाही, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळत होतं.

गळती शोधायची पहिली पायरी फुकट असते. रात्री गाडीखाली जुना पेपर पसरायचा आणि सकाळी त्यावरचे ठिपके वाचायचे. तपकिरी-काळा, तेलकट ठिपका इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा निळा, बोटांना बुळबुळीत आणि वासाला गोडसर असा ठिपका कूलंटचा. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी, निम्मं-निम्मं. हे ग्लायकॉल मुळात रंगहीन असतं, वरून रंग घातलेला असतो, आणि त्या रंगाचा एक मोठा फायदा म्हणजे गळती डोळ्यांना दिसते. शोधाच्या उत्साहात चव मात्र घ्यायची नाही. ते गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं गोडीनं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. म्हणून सांडलं की लगेच भरपूर पाण्यानं धुऊन काढायचं.

मी सलग पाच रात्री पेपर पसरला. पाचही सकाळी पेपर कोरडा. सोसायटीत मात्र बातमी पसरली, की चौथ्या मजल्यावरचे रोज रात्री गाडीखाली वाकून काहीतरी ठेवतात. सहाव्या दिवशी दुपारी वॉचमन धापा टाकत वर आला.

"साहेब, सापडली! गाडी गळतीय!"

खाली गेलो तर गाडीभोवती पाच माणसं गोळा झालेली. पुढच्या डाव्या सीटच्या खालच्या बाजूला छोटंसं तळं साचलं होतं आणि त्यात अजून थेंब पडत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यात बोट बुडवलं, वास घेतला, बोट उन्हात धरून पाहिलं आणि अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं, "रेडिएटर."

तो रेडिएटर नव्हता. ते एसीचं पाणी होतं. उन्हातून एसी लावून आलेल्या गाडीखाली असं स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकतं. आतल्या थंड जाळीवर हवेतलं बाष्प जमतं, त्याचं ते पाणी. बाहेर पडतंय तोवर चिंता नाही. चिंता करायची ती डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला झाला तर. तेव्हासुद्धा आधी वास घ्यायचा. वास नसेल, तर एसीची नळी तुंबून तेच पाणी आत आलंय. गालिचा चिकट, वास गोडसर आणि पुढच्या काचेला आतून तेलकट धुकं धरत असेल, तर डॅशबोर्डच्या पोटातला हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. मग डॅशबोर्ड सोडवण्याची मजुरी ऐकायला मन घट्ट करावं लागतं.

एसीचं पाणी आहे हे कळल्यावर मंडळी हिरमुसली. रिकाम्या हातानं मात्र कुणी गेलं नाही. प्रत्येकानं एकेक उपाय ठेवला. एकानं सांगितलं, गाडी विकून टाका. दुसऱ्यानं सांगितलं, बाजारात गळती बंद करायची पूड मिळते, ती ओता. काकांनी सांगितलं, थर्मोस्टॅट काढून टाका. हा तिसरा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवान. त्याच्या पोटात मेण असतं. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं आणि दार उघडतं. तोवर इंजिन पटकन गरम व्हावं म्हणून दार बंद. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि गळती होती तिथंच राहते. पण दरवानाला काढलं की घरातली चोरी थांबेल, अशी आपली एक श्रद्धा आहे.

खरं तर गाडीला पाणी भरत राहणं यात लाजण्यासारखं काही नाही. परंपरा थोर आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, नवऱ्यानंच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीनं एवढं लांब त्याआधी कुणी गेलं नव्हतं. फोर्त्सहाइमला काय होतं? बाईंची आई. म्हणजे जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास माहेरी जाण्यासाठी झाला, आणि नवऱ्याला तो नंतर कळला. त्या इंजिनाचं पाणी वाफ होऊन उडूनच जायचं. त्यामुळं बाई वाटेत पाणी दिसेल तिथं थांबून ओतत गेल्या. पुढं विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. १९०१ च्या मर्सिडीजवर तो बसला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या, नळ्यांमधून वारा जायचा आणि भोवतीनं पाणी फिरायचं. थोडक्या पाण्यात काम भागायला लागलं आणि गेलेलं पाणी थंड होऊन परत यायला लागलं. परत यायला हवं म्हणून तर 'गेलं कुठं' हा प्रश्न. बर्थाबाईंना तो पडलाच नव्हता.

आमची गाडीही माहेरच्याच वाटेवर तापली. मे महिन्यात बायकोच्या भाचीचं साताऱ्याला लग्न होतं. गाडीत मी, बायको, आई आणि धाकटा मेहुणा. डिकीत आहेराच्या पिशव्या. शिरवळपर्यंत काटा मधोमध होता. खंबाटकी घाट चढायला लागलो, पुढं ऊस भरल्यासारखा डुलत चाललेला ट्रक, आणि काटा हलला. आधी सरकला, मग चढला. आमच्यापेक्षा वेगानं घाट चढणारी ती एकच गोष्ट होती.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं, आणि तेच माझं दुर्दैव. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण चालू करायचा. हीटर म्हणजे एक धाकटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता ओढून गाडीत सोडतो. मी हीटर लावला. मे महिना, बाहेर चाळीसच्या आसपास, आत पैठणी, शालू आणि मेहुण्याचा नवा जोधपुरी.

"अहो, हे काय करताय?"

"गाडी थंड करतोय."

यानंतर गाडीत जी शांतता पसरली ती घाट संपेपर्यंत टिकली. काटा मात्र दोन रेघा खाली आला. इथं एक सावधगिरीची गोष्ट. तापलेल्या गाडीचा काटा कधीकधी अचानक धाडकन खाली पडतो, तेव्हा देवाचे आभार मानायची घाई करू नये. कूलंट पार संपलं की मापक हवेत लोंबकळतो आणि त्याला काही कळेनासं होतं. तो काटा ताप उतरल्याचा नसतो.

घाटमाथ्यावर जागा बघून थांबलो, इंजिन बंद केलं. मेहुण्यानं लगेच पाण्याची बाटली आणि टॉवेल काढला.

"दाजी, मी टॉवेल टाकून झाकण उघडतो. एका मिनटात काम."

मी त्याला अक्षरशः कवेत धरून मागं ओढलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं हा मोटारींच्या जगातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. आत दाबाखाली असलेलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून वर येतं. तोंडावर, छातीवर. टॉवेल त्याला अडवू शकत नाही. आम्ही पाऊण तास थांबलो. आईनं तेवढ्यात वरमाईकडच्या तीन पिढ्यांची माहिती मेहुण्याकडून काढून घेतली.

गाडी निवल्यावर पाहिलं, तर बाटली काठोकाठ भरलेली आणि बाहेरून ओली. मला आनंद झाला, पाणी तर आहे! रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत पाणी दिसेना. दीड लिटर पिण्याचं पाणी त्यात गेलं. बाटलीत तुडुंब आणि रेडिएटरात दुष्काळ. धरण भरलेलं आणि नळाला पाणी नाही, हे चित्र मी आयुष्यभर पाहत आलोय, तरी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. सगळं निदान तिथं घाटातच माझ्यासमोर उभं होतं.

साताऱ्यात मांडवात पोचलो तेव्हा आमचे चेहरे बघून मंडळींना वाटलं, लग्न मोडलं की काय. बायकोचे मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अगं, हळद उरलीय का कालची?"

"मामा, हळद कशाला?"

"रेडिएटरात घालायला. जावईबापू, मूठभर हळद टाका, भोक बुजतंय बघा. अख्खी सर्व्हिस काढली मी अशी."

मामा खोटं बोलत नव्हते. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय आहे. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, फुगते आणि बारीक भोकाशी जाऊन दाटते. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली, हे कळत नाही. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की गळतीबरोबर वाहणंही बंद व्हायचं. रानात अडकलेल्या ट्रकाला घरी पोचवायला ती ठीक, घरी असलेल्या गाडीला नाही. शिवाय नवरदेवाच्या अंगाला लागलेल्या हळदीतली उष्टी हळद नवरीकडे जाते, गाडीकडे नाही, असा मुद्दा आईनं मांडला आणि हा विषय मिटला.

पुण्याला परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट लावलं. सगळं मिळून अर्धा मिनिट.

"साहेब, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल. बावीस हजार धरून चाला."

हेड उतरवणं हे शब्द मी नुसते ऐकले तरी माझ्या मानेला काहीतरी झालं. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं डोकं यांच्यामध्ये जी चपटी पट्टी असते ती हेड गॅस्केट. ती फुटली की जाळ, तेल आणि पाणी हे तिघं एकमेकांच्या घरात शिरतात. पण शिरले तर त्याच्या खुणा राहतात, आणि त्या घरच्या घरी बघता येतात. ऑइलची दांडी ओढून पाहायची, तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी तेलात गेलंय. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर पाणी जाळात गेलंय. गार गाडी झाकण काढून सुरू करायची आणि रेडिएटरच्या तोंडाशी बघायचं. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतच राहिले, तर जाळ पाण्यात आलाय. तरीही शंका राहिली, तर रेडिएटरच्या तोंडावर एक निळं रसायन धरतात. इंजिनातला जळका वायू वर येत असेल तर ते पिवळं पडतं.

"यातलं काही बघितलं का?" मी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? अनुभव आहे."

मी गाडी घरी आणली. दांडीवरचं तेल मधासारखं होतं, धूर नव्हता, बुडबुडे नव्हते. म्हणजे बावीस हजारांचं निदान अर्ध्या मिनिटात झालं होतं. मिनिटाला चव्वेचाळीस हजार. एवढा दर मोठ्या शहरातल्या सर्जनचाही नसेल.

संध्याकाळी मी हे सगळं वैतागून घरात सांगत होतो. आई कुकर लावत होती. तिनं झाकणातली रबरी रिंग काढून बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाली, "अरे, तुझ्या त्या रेडिएटरला कुकरसारखंच झाकण असतं ना?"

"हो."

"मग रिंग बघितलीस का त्याची? कुकरची शिट्टी होईना झाली की आपण शेगडी बदलत नाही. आधी रिंग बघतो."

मी जागच्या जागी बसलो. मोटारीची कूलिंग सिस्टिम म्हणजे अगदी सरळ शब्दांत एक कुकरच आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळं इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांना उकळतं. इंजिनाला एवढ्यावर भागत नाही. म्हणून ग्लायकॉल घालायचं आणि वर दाबाचं झाकण. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो त्याचा दाब. घरातल्या कुकरचा दाबही जवळजवळ एवढाच असतो. या दाबाखाली निम्मं-निम्मं कूलंट सव्वाशे अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. डब्यावर आणखी एक गोष्ट अभिमानानं लिहिलेली असते, की हे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुणेकर १५ अंशांना कानटोपी घालतो, त्यामुळं तो गुण आपण सोडून देऊ. पण ग्लायकॉलच्या जोडीला त्यात गंज धरू न देणारी द्रव्यं असतात, आणि ती आपल्याकडंही लागतातच. म्हणून नुसतं पाणी घालून चालत नाही. बोअरचं तर मुळीच नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर बसतो तसाच इंजिनाच्या आतही बसतो.

झाकणाचं काम दुहेरी असतं. गाडी तापली आणि दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की ते जास्तीचं कूलंट बाटलीत सोडतं. गाडी निवली की आत पोकळी तयार होते, तेव्हा झाकणातला दुसरा छोटा पडदा उघडतो आणि बाटलीतलं कूलंट रेडिएटरात परत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं की दोन्ही कामं बिघडतात. कूलंट आधीच बाटलीत पळतं, चढावर बाटली भरून बाहेर सांडतं, आणि उरलेलं परत येत नाही. बाटली तुडुंब, रेडिएटर रिकामा. घाटात मी नेमकं हेच पाहिलं होतं आणि खूश झालो होतो. पार्किंगमधला पेपर कोरडा का, तेही कळलं. चोरी सोसायटीत होतच नव्हती. चोरी चालत्या गाडीत, रस्त्यावर होत होती.

सकाळी गाडी थंड असताना झाकण काढलं. रबर कडक झालेलं, कडेला चिरा, आणि आकडा ०.९. गाडीच्या पुस्तकात १.१ लिहिलं होतं. मधल्या काळात कुणीतरी मिळेल ते बसवलं होतं. नवं झाकण अडीचशे रुपयांना आलं. आईला मी वाकून नमस्कार केला. तिनं आशीर्वाद देताना कुकरचीही रिंग आणायला सांगितली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या पेपरावर पहिला ठिपका पडला. हिरवा, रुपयाएवढा, बरोबर राशिभविष्यावर. पुसून पाहिलं तर माझीच रास, आणि खाली लिहिलेलं होतं, 'अनपेक्षित खर्च संभवतो'.

यात झाकणाचा दोष नव्हता. जुनं झाकण दाब धरतच नव्हतं, त्यामुळं बाकीचे म्हातारे भाग सुखात होते. नव्या झाकणानं पूर्ण दाब धरला आणि त्यातला सगळ्यात दुबळा भाग उघडा पडला. कडक मुख्याध्यापक आले की पहिल्याच आठवड्यात कुठला वर्ग कच्चा ते कळतं, तसं. पण कुठला वर्ग? ठिपका जिथं पडतो, तिथंच वर गळती असेल असं नसतं. थेंब पाइपवरून घसरतो, पत्र्यावरून वाहतो, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं ढकलला जातो आणि सोयीची जागा सापडली की पडतो. गरम इंजिनावर पडला तर वाटेतच वाळतो आणि मागं पांढरट-हिरवी खरपुडी तेवढी राहते.

आता मी एका जुन्या रेडिएटरवाल्याकडं गेलो. पूर्वी रेडिएटर तांब्या-पितळेचे असत तेव्हापासूनचं दुकान. फुटलेल्या रेडिएटरला तिथं डाग देऊन मिळायचा. आता ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. त्या सांध्यात चिरल्या की बहुधा बदलायच्याच. दुकानातले मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी मला काही विचारलं नाही. झाकणाच्या जागी घड्याळ लावलेला एक हातपंप बसवला, सायकलला हवा भरतात तसे आठ-दहा दट्टे मारले, काटा एक किलोवर आणला आणि म्हणाले, "चला, च्या घेऊ."

"आणि गळती?"

"ती काम करतीय. आपण च्या घेऊ."

दोन कटिंग झाले. परत आलो तेव्हा काटा पाऊण किलोवर उतरला होता. इंजिन थंड, बंद, तरी आत दाब. त्यामुळं वाफ नाही, पंख्याचा आवाज नाही, गळतीला लपायला जागाच नाही. मिस्त्रींनी बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा दांडीचा आरसा घेतला. आधी होजच्या क्लिपा बघितल्या, मग होज दाबून बघितले, मग रेडिएटरचे सांधे, मग आरसा वॉटर पंपाखाली नेला आणि मला बोलावलं. पंपाच्या पोटाला एक छोटं भोक होतं, त्याखाली हिरवट खरपुडी आणि टोकाला एक ताजा थेंब लोंबत होता.

"हे भोक कशानं पडलं?" मी घाबरून विचारलं.

"पडलं नाही, कंपनीनं ठेवलंय. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगवर न जाता इथनं बाहेर यावं म्हणून. पंपाला रडायला जागा लागते साहेब."

मेहुणा बरोबर होता. त्यानं खिशातून दोन पुड्यांचं एम-सील काढलं. "दाजी, बुजवून टाकू?"

मिस्त्रींनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी आमच्या गणिताच्या मास्तरांनंतर पहिल्यांदाच पाहिली. रडायचं भोक बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो. माणसाचंही फारसं वेगळं नसतं.

पंप, बेल्ट आणि नवं कूलंट मिळून साडेचार हजार झाले. शेवटी मिस्त्रींनी थंड गाडी झाकण काढून सुरू केली, हीटर लावून ठेवला आणि सिस्टिममध्ये अडकलेली हवा निघून बुडबुडे थांबेपर्यंत शांतपणे उभे राहिले. थोडं थोडं कूलंट घालत गेले, मग झाकण लावलं. हवा काढली नाही तर नवा पंप असूनही गाडी तापते. तेवढा धीर कमी ठिकाणी असतो, आणि त्याची पावती कुणी करत नाही.

त्यानंतर पाऊस झाला, गणपती झाले, आम्ही खंबाटकी घाट एसी लावून दोनदा चढलो. पातळी वरच्या रेघेवरून हललेली नाही. आईचा कुकरही वेळेवर शिट्टी देतोय.

तुमच्या गाडीचं पाणी कमी होत असेल, तर गाडी रात्रभर निवू द्या आणि सकाळी स्वस्तापासून सुरुवात करा. आधी झाकण, मग क्लिपा, मग होज, मग रेडिएटर, मग पंप. हेड सगळ्यात शेवटी. आणि दाबाची चाचणी न करता, अर्ध्या मिनिटात कुणी हेड उतरवायची भाषा केली, तर भांडू नका. बॉनेट लावा, नमस्कार करा आणि निघा.